आठवीसाठी ठाण्यात शाळा: घोडबंदरची सीबीएसई की जुन्या ठाण्यातली सेमी?

नोकरीच्या निमित्ताने ठाण्यात यायचं आणि घरात सातवी-आठवीतलं मूल असेल, तर फिरून फिरून दोन पर्याय समोर येतात. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या संकुलात घर आणि तिथल्याच भागातली सीबीएसई शाळा. नाहीतर नौपाडा, चरई, पाचपाखाडी या जुन्या ठाण्यात लहान घर आणि तिथल्या अनुदानित शाळेची सेमी इंग्रजी तुकडी. आयसीएसईचा विचार आम्ही केला नव्हता, म्हणून तुलना या दोघांचीच. बोर्ड म्हणजे काय, सेमी म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरून चालतो.

आम्ही कराडचे. मी आधी एकटाच ठाण्यात रुजू झालो आणि मुलीची सातवीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत कासारवडवलीला थोरल्या भावाकडे राहिलो. पुतणी माझ्या मुलीच्याच वयाची आणि घोडबंदरच्या सीबीएसई शाळेत. सकाळी तिला बसपर्यंत सोडायचं काम मी मागून घेतलं होतं. माझी साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी असायची, त्या दिवशी दुपारी आणायलाही मीच. मुलगी पुढे जुन्या ठाण्यात सेमीला गेली, आता दहावीत आहे. एक शाळा मी अशी पुतणीच्या निमित्ताने पाहिली आणि दुसरी मुलीच्या. इथे जे लिहितो आहे ते एवढ्या अनुभवावरचं आहे. दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे घर आणि शाळा हे दोन निर्णय नाहीत, एकच आहे. बहुतेक जण आधी घर ठरवतात, अनामत रक्कम भरतात, आणि मग जवळपास कोणत्या शाळा आहेत ते शोधतात. माझं म्हणणं, मूल माध्यमिकला असेल तर उलट करावं. नौपाडा-चरईत त्याच भाड्यात खोली कमी मिळते, इमारत जुनी असते, लिफ्ट नसते, गाडी लावायला जागा नसते. घोडबंदरला हवा, बाग, पोहण्याचा तलाव, मुलांना खाली खेळायला जागा. घर म्हणून विचाराल तर भावाचंच घर चांगलं आहे, यात वाद नाही.

आता ज्या मुद्द्यांवर पालक सगळ्यात जास्त बोलतात, ते मला पुढे तितके मोठे वाटले नाहीत. अकरावीचं घ्या. प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात आणि सगळ्या बोर्डांची मुलं एकाच गुणवत्ता यादीत येतात. आपल्या राज्य मंडळात सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची टक्केवारी धरतात, त्यामुळे एखादा विषय घसरला तरी मूल अगदी मागे पडत नाही. पुढे अभियांत्रिकी किंवा फार्मसीला जायचं तर एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते, त्यात अकरावीचा वाटा वीस टक्के आणि बारावीचा ऐंशी. जेईई आणि नीटला एनसीईआरटीची पुस्तकं लागतात हे खरं, पण ती अकरावीत दोन्हीकडची मुलं घेऊन बसतातच. आठवी-नववीत बोर्डाने पुढचा रस्ता बंद होतो असं मला तरी दिसलं नाही.

इंग्रजीचा फरक मात्र आहे आणि तो मान्य करायला हवा. पुतणी पाहुण्यांशी, दुकानात, फोनवर न अडखळता इंग्रजी बोलते. माझ्या मुलीला विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक वाचून नीट कळतं, उत्तरंही स्वच्छ लिहिते, पण बोलताना अजून थांबते. दुसऱ्या बाजूने, मराठी सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला, म्हणून पुतणीलाही मराठी आहे. पण ती एका विषयापुरती. इतिहास, भूगोल मराठीत वाचण्याने मुलीच्या वाचनाला जो वेग आला, तो पुतणीकडे नाही. कुणाला कशाचं मोल जास्त, हे ज्याने त्याने ठरवावं.

माझा निर्णय ज्यावर झाला ती गोष्ट अभ्यासाची नव्हती. ती होती बस.

भावाच्या गॅलरीतून पुतणीची शाळा दिसते. मधे घोडबंदर रोड. एवढंच अंतर, पण मूल ते पायी ओलांडू शकत नाही. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने जातात, त्यात २०१८ पासून वडाळा-कासारवडवली मेट्रोचं काम. त्या वाहतुकीतून तेरा वर्षांच्या मुलीला एकटी पाठवण्याची हिंमत कुणाला होणार? म्हणून बस. आणि बस सरळ पलीकडे जात नाही. ती आधी आमच्याच बाजूच्या दोन-तीन संकुलांतली मुलं गोळा करते, मग पुढच्या पुलाखालून वळते, मग पलीकडच्या संकुलांतून फिरत शाळेत पोचते. समोर दिसणाऱ्या शाळेसाठी पुतणी सकाळी जवळजवळ तासभर बसमध्ये असायची.

दुपारची गोष्ट आणखी बिकट. शाळा दोनच्या सुमारास सुटायची. ठाण्यात अवजड वाहनांना दिवसा बरीच वर्षं दुपारी बारा ते चार हीच मोकळी वेळ होती. हे नियम अधूनमधून बदलतात, पण मी होतो तेव्हा मुलं घरी परतायची वेळ आणि ट्रेलर सुटायची वेळ एकच पडायची. कापूरबावडीकडे काही अडकलं की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ सगळीकडे रांग. मी गेटवर उभा असायचो, शेजारी आणखी पालक, आणि सगळ्यांचे डोळे फोनवरच्या बसच्या ठिपक्यावर. ठिपका हलायचा नाही. मूल उतरायचं ते घामाने भिजलेलं, डबा बसमध्येच कधीतरी संपवलेलं, आणि आल्या आल्या झोपायचं. उठलं की क्लास.

उशिराचंही एक वेळ सोसता येतं, मुंबईच्या परिसरात सगळेच सोसतात. मला खुपलं ते वेगळंच. बस थांबत नाही. शाळा सुटली की ठरल्या वेळी बस निघणार, म्हणजे मूलही निघणार. पुतणीची थ्रोबॉलच्या संघात निवड झाली होती. सराव शाळा सुटल्यावर. सरावाला थांबायचं तर परत आणायची सोय पालकांनी करायची. भाऊ-वहिनी दोघंही नोकरीला. काही दिवस रिक्षा करून पाहिली, मग संघातून नाव काढून घेतलं. विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प मैत्रिणींनी मिळून करायचा होता, तो व्हिडिओ कॉलवर झाला. बाईंना एखादी शंका विचारायची तर तासातच. नंतर थांबून विचारायला वेळ नाही. शाळेचा यात दोष आहे असं मी म्हणत नाही. शिक्षक चांगले आहेत, सोयी उत्तम आहेत. पण त्या सोयी वापरायला मुलाने तिथे थांबायला हवं, आणि रस्ता त्याला थांबू देत नाही.

शहर बदललेल्या मुलाच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याचे मित्र मागे गावी राहिलेले असतात. नवे मित्र तासाला जमत नाहीत, ते शाळा सुटल्यावर जमतात. गेटबाहेर, मैदानावर, घरी जाताना वाटेत. तो अर्धा-पाऊण तास बसने काढून घेतला, तर मूल वर्गात असूनही बराच काळ पाहुणं राहतं. मी पहिले काही आठवडे पुतणीसोबत हे पाहिलं आणि मनाशी ठरवलं की मुलीला पायी जाता-येता येईल अशीच शाळा. मग घर त्या शाळेच्या मागे शोधलं. चरईत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गॅलरी नाही.

मुलीची शाळा सकाळच्या सत्रात, साडेबाराला सुटते. ती बहुतेक दिवशी दीडपर्यंत घरी येत नाही, आणि आम्ही काळजी करत नाही. खो-खोचा सराव असतो, कधी संस्कृतच्या बाई स्पर्धेच्या पाठांतरासाठी थांबवतात, कधी काहीच नसतं, नुसत्याच मैत्रिणींसोबत गोखले रोडने रमतगमत येते. वाटेत कुणाच्या घरी पाणी प्यायला थांबली तर त्या घरून फोन येतो. आठवीच्या दिवाळीपर्यंत तिला जुन्या ठाण्यातले आतले रस्ते माझ्यापेक्षा जास्त माहीत झाले होते. मराठी ग्रंथ संग्रहालय, १८९३ सालची संस्था, तिथे ती आम्हाला घेऊन गेली, आम्ही तिला नाही.

हे सगळं सांगताना सेमीच्या शाळेच्या अडचणी लपवण्यात अर्थ नाही. वर्गात साठच्या आसपास मुलं. मागच्या बाकावरच्या मुलाकडे लक्ष जाईलच याची खात्री नाही. निवडणूक किंवा सर्वेक्षण आलं की शिक्षकांना त्या कामाला जावं लागतं आणि तास बुडतात. प्रयोगशाळा आहे, पण प्रयोग बरेचदा बाई करतात आणि मुलं बघतात. स्वच्छतागृहांची तक्रार जवळजवळ प्रत्येक पालकसभेत निघते. ज्या मुलाला वैयक्तिक लक्ष हवं, किंवा जे गर्दीत बुजतं, त्याच्यासाठी सीबीएसईची लहान तुकडी कदाचित बरी पडेल.

आणखी दोन परिस्थितींत मी सीबीएसईच सुचवेन. एक, नोकरी राज्याबाहेर बदलीची असेल तर. दोन वर्षांनी भोपाळ किंवा हैदराबादला जायचं असेल, तर मुलाला राज्य मंडळात घालून पुढे मधेच बोर्ड बदलायला लावणं बरोबर नाही. नववीत नोंदणी झाल्यावर तो बदल फारच कठीण होतो. दोन, घर आणि शाळा घोडबंदर रोडच्या एकाच बाजूला असतील आणि आतल्या रस्त्याने चालत जाता येत असेल. मग माझा मुख्य आक्षेपच उरत नाही. मेट्रोची स्थानकं पूर्ण चालू होऊन दोन्ही बाजूंना उतरणारे पूल रोजच्या वापरात आले, तर पलीकडच्यांचीही अडचण कमी होईल. शिवाय २०२६ पासून सीबीएसईने दहावीची परीक्षा वर्षात दोनदा देण्याची सोय केली आहे, पुतणीच्या घरी तो मोठा दिलासा वाटतो.

खर्चाबद्दल थोडक्यात. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. मात्र सेमीची तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे कार्यालयात स्पष्ट विचारा. एकाच शाळेत, एकाच मजल्यावर दोन्ही प्रकारच्या तुकड्या असतात आणि फीमध्ये बराच फरक पडतो. खासगी शाळेत फीबरोबर बस, गणवेश, पुस्तकं धरून वर्षाचा आकडा काढा. शुल्कवाढीला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. ती समिती कोण, कधी बसते, हे तिथल्या एखाद्या पालकाला विचारलं तर शाळेबद्दल बरंच कळतं.

प्रवेशाच्या वेळेतही फरक आहे. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला. बदलीचा आदेश मेमध्ये आला तर सीबीएसईच्या वर्गात मूल उशिरा पोचतं. जुन्या ठाण्यातल्या नावाजलेल्या शाळांत पाचवीपासून त्यांच्याच प्राथमिकची मुलं वर चढत येतात, म्हणून आठवीला जागा मोजक्याच असतात. एप्रिलमध्येच अर्ज द्या आणि मेमध्ये एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारा. बदली होऊन जाणाऱ्यांच्या जागा तेव्हाच रिकाम्या होतात. आम्हाला जागा तशीच मिळाली. प्रवेशासाठी चाचणी घेऊन मूल नाकारत असतील, तर आठवीपर्यंत अशी चाळणी लावायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची मनाई आहे, हे शांतपणे सांगता येतं. संस्कृत शंभर गुणांचं मिळेल की हिंदीबरोबर संयुक्त, हेही तेव्हाच विचारून घ्या. आठवीला ठरलेलं दहावीपर्यंत चालतं.

आणि गावची शाळा सोडण्याआधी दाखला हातात घेऊन तिथल्या कार्यालयातच अक्षर न अक्षर वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जातीची नोंद. मूल शाळेच्या पटावर असेपर्यंत दुरुस्ती होऊ शकते, एकदा दाखला घेऊन बाहेर पडलं की फार अवघड. ऑनलाइन नोंदही जुन्या शाळेने नव्या शाळेकडे पाठवावी लागते. त्यांच्या लिपिकाचा फोन नंबर घेऊन ठेवा, जूनमध्ये लागतो.