कर्मचारी साहाय्य योजना: सहा सत्रांचा अनुभव

आमच्या पुण्यातील कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी एका बाहेरच्या संस्थेमार्फत मोफत समुपदेशनाची सोय केली आहे. वडिलांचा स्मृतिभ्रंश वाढला, माझी झोप उडाली आणि कामात चुका होऊ लागल्या, तेव्हा मी तिचा आधार घेतला.

पहिला फोन मी पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून केला, कारण ही गोष्ट साहेबांच्या कानावर जाईल अशी धास्ती होती. समुपदेशक बाईंनी सुरुवातीलाच स्पष्ट केले की कंपनीला केवळ किती जणांनी सेवा घेतली हा आकडा कळवला जातो, नावे नाहीत. जिवाला धोका असेल तरच गोपनीयतेला अपवाद करावा लागतो. एवढे ऐकल्यावर मी मोकळेपणाने बोलू शकलो. त्यांनी वडिलांच्या आजाराआधी माझ्या दिनक्रमाची चौकशी केली आणि रात्रीची जागरणे भावाबरोबर वारांप्रमाणे वाटून घ्यायला लावली. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

उणिवाही आहेत. मराठी बोलणारे समुपदेशक मिळायला ९ दिवस लागले, आणि घरचे दुःख मला इंग्रजीत सांगताच येत नव्हते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या शुश्रूषेला सहा सत्रे अपुरी पडतात. कंत्राटी सुरक्षारक्षकांना व कँटीनमधील मंडळींना तर ही सोयच नाही, याचे मला फार वाईट वाटते. त्यांना मी केंद्र सरकारच्या टेलि-मानस या फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत करणाऱ्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक देतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.