संपाच्या दिवसांत दारात न आलेली गाडी

नोव्हेंबर 2021 मधील ही हकीकत आहे. एसटीच्या कर्मचाऱ्यांनी महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे या मागणीसाठी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू केलेला संप दिवाळीनंतर राज्यभर पसरला होता. कोल्हापूरचे मध्यवर्ती बसस्थानक, जिथे एरवी सुट्टीच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, ते मी त्या आठवड्यात अक्षरशः ओस पडलेले पाहिले. याच सुमारास नागपूरहून माझी थोरली बहीण आक्का, दाजी, भाची, जावई आणि त्यांची दोन मुले आमच्याकडे येणार होती. त्यांची रेल्वेची तिकिटे आधीच काढलेली असल्यामुळे संपाने त्यांचे येणे अडले नाही. मात्र इथे आल्यावर फिरायचे कसे, ही जबाबदारी माझ्यावर आली. ती पार पाडताना मी 16,500 रुपयांना फसलो. कसा फसलो, हे थोडे तपशिलात सांगतो, कारण फसवणारा माणूस हुशार होता यापेक्षा त्याने संपाचा उपयोग कसा करून घेतला, हे समजणे अधिक उपयोगाचे आहे.

मी एका साखर कारखान्याच्या लेखा विभागात तीस वर्षे काढली आहेत. व्हाउचरला पावती नसेल तर चहाचे वीस रुपयेही मंजूर न करणारा अशी माझी तिथे ख्याती होती. हे सांगायचे कारण एवढेच की, 'असल्या गोष्टींना अडाणी माणसेच भुलतात' असा माझाही समज होता.

बेत साधा होता. शुक्रवारी 12 तारखेला दुपारी मंडळी पोहोचणार, शनिवारी अंबाबाईचे दर्शन, भवानी मंडप, न्यू पॅलेस आणि संध्याकाळी रंकाळा; रविवारी जोतिबा. आम्ही दोघे धरून आठ माणसे. आमच्या नेहमीच्या गाडीवाल्याला विचारले, तर तो संप सुरू झाल्यापासून रोज पुण्याच्या फेऱ्या मारत होता आणि पुढचे दहा दिवस मोकळा नव्हता. दुसऱ्याने दोन दिवसांचे 14,000 सांगितले. तेव्हा बुधवारी रात्री मी मोबाइलवर 'कोल्हापूर दर्शन गाडी भाड्याने' असे शोधले आणि नकाशावर आलेल्या एका नोंदीतील क्रमांकावर फोन लावला. नोंदीवर शहरातला पत्ता होता, पाच चांदण्यांचे वीसेक अभिप्राय होते. ते सगळे एकाच आठवड्यात लिहिलेले होते, हे मी नंतर पाहिले.

पलीकडचा माणूस अस्सल कोल्हापुरीत बोलत होता. "मामा, काय बी काळजी करू नगासा. सतरा सीटर गाडी सकाळी सातला दारात हुबी ऱ्हाईल. आंबाबाईची शपथ." मी मंगळवार पेठेत राहतो म्हटल्यावर त्याने विचारले, "खासबागच्या अलीकडं का पलीकडं?" या एका प्रश्नाने माझा विश्वास बसला. खासबाग मैदान शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधून घेतलेले. कुस्ती न पाहणाऱ्या कोल्हापूरकरालाही ते ठाऊक असते आणि पेठेतले पत्ते त्याच्याच अनुषंगाने सांगितले जातात. आपलाच माणूस आहे, असे मला वाटले. पुढे काही दिवसांनी ते संभाषण पहिल्यापासून आठवून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की खासबागेचा उल्लेख आधी मीच केला होता. मंगळवार पेठ मी सांगितली, अंबाबाईच्या दर्शनाला जायचे आहे हेही मीच सांगितले. त्याने स्वतःहून एकही खूण सांगितली नव्हती. माझेच शब्द तो मला परत करत होता.

त्याने स्वतःहून सांगितलेली गोष्ट एकच, आणि तिथेच तो चुकला होता. "जोतिबाबरोबर पन्हाळा बी करू, गाडी थेट तीन दरवाजापर्यंत न्हेतो," असे तो म्हणाला. त्या वर्षी जुलैच्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला होता आणि सतरा आसनी गाडी गडावर जाणे शक्य नव्हते, हे कोल्हापुरात पानपट्टीवर उभा राहणाराही जाणत होता. मीही जाणत होतो. पण भाडे फक्त 9,000 होते, गाड्या मिळत नव्हत्या आणि 'रस्ता केला असेल आता' अशी समजूत मी स्वतःचीच घालून घेतली. तेवढे एक वाक्य जरी मी पारखून घेतले असते, तरी पुढचे काही घडले नसते.

त्याने 3,000 रुपये आगाऊ मागितले. "संपामुळं रेट तासाला वाढायला लागलाय मामा, आत्ता टाकला तर ह्या भावात," असे म्हणून त्याने गाडीचा फोटो आणि आरसी बुकाची प्रत पाठवली. पांढरी स्वच्छ गाडी, एमएच 09 ने, म्हणजे कोल्हापूरच्या नोंदणीने सुरू होणारा क्रमांक. मी यूपीआयने पैसे पाठवले. पैसे एका व्यक्तीच्या नावाच्या खात्यात गेले. त्या नावाचा व्यवसायाच्या नावाशी काही संबंध नव्हता. "मेव्हण्याचं खातं हाय," एवढे त्याचे स्पष्टीकरण मला पुरले.

गुरुवारी दुपारी त्याचा पुन्हा फोन आला. संपकाळात प्रवासी न्यायला आता शासनाचे खास परमिट काढावे लागते, त्याचे 2,500 रुपये भरावे लागतील, ते भाड्यातून वळते करू. 8 नोव्हेंबरला शासनाने अधिसूचना काढून खासगी बस, शाळांच्या बस वगैरे वाहनांना प्रवासी वाहतुकीची मुभा दिली होती आणि ती बातमी मी स्वतः वर्तमानपत्रात वाचली होती. त्यामुळे 'परमिट' हा शब्द कानाला खटकला नाही. वास्तविक ती मुभा एसटीअभावी अडकलेल्या प्रवाशांसाठी होती. पर्यटनासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीला परवाना आधीपासूनच लागतो. तो गाडीमालक आणि आरटीओ यांच्यातला विषय आहे, त्यासाठी प्रवाशाने वेगळे पैसे मोजण्याचा प्रश्नच येत नाही. बातमी खरी होती. तिच्या जोडीला बांधलेली मागणी तेवढी खोटी होती. मी 2,500 रुपये पाठवले.

शनिवारी सकाळी पावणेसातला आम्ही आठ जण कोपऱ्यावर उभे होतो. पत्नीने चपात्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरून घेतली होती, आक्काने देवीसाठी ओटीचे सामान घेतले होते. सव्वासात झाले. फोन लागेना. पावणेआठला त्याचाच फोन आला: संपवाल्यांनी शिरोली नाक्याजवळ गाडी अडवली आहे, काच फोडली आहे, ड्रायव्हर घाबरला आहे. आम्हीच उलट त्याला धीर दिला. आज गाडी येणार नाही, पण मी कोणाचे पैसे ठेवणारा माणूस नाही, सगळे 5,500 आत्ता परत करतो, असे तो म्हणाला. हे ऐकून दाजी मला म्हणाले, "माणूस प्रामाणिक दिसतो हो."

खरी लूट इथून पुढे झाली. त्याने माझ्या मोबाइलवर एक विनंती पाठवली आणि सांगितले की ती मंजूर करून पिन टाका, म्हणजे पैसे खात्यात येतील. पडद्यावर 5,500 हा आकडा होता, खाली हिरवे बटण होते. मी पिन टाकला. त्याने फोन चालूच ठेवला होता, त्यामुळे बँकेचा संदेश मी नीट वाचला नाही. "आलं का मामा? न्हाई? सर्व्हर डाऊन हाय, परत पाठवतो." मी दुसऱ्यांदा पिन टाकला. फोन बंद झाल्यावर संदेश उघडले, तर दोन्ही रकमा माझ्या खात्यातून गेल्या होत्या. तीस वर्षे जमा आणि नावे यांच्या नोंदी करणाऱ्या माणसाने, येणारी रक्कम समजून जाणाऱ्या रकमेला दोनदा मंजुरी दिली होती.

पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकणे म्हणजे पैसे देण्याची सही करणे. हे मला कोणीतरी 'सही' या शब्दात सांगितले असते, तर माझ्यासारख्या माणसाला ते लगेच उमगले असते, म्हणून इथे मुद्दाम तसे लिहीत आहे. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ही विनंतीची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद करण्यात आली आहे. पण क्यूआर कोड पाठवून 'हा स्कॅन करा, परतावा मिळेल' असे सांगण्याची रीत त्याच जातीची आहे आणि ती चालूच आहे.

फोटोचे गुपित भाचीच्या नऊ वर्षांच्या मुलाने उघड केले. आम्ही सगळे घरी येऊन सुन्न बसलो होतो, तेव्हा तो माझ्या मोबाइलमधला गाडीचा फोटो मोठा करून पाहत होता. "आजोबा, मागच्या दुकानाची पाटी मराठीत नाहीये," तो म्हणाला. खरोखरच पाटीवरची अक्षरे दक्षिणेकडच्या कुठल्याशा लिपीतली होती आणि तिच्याशेजारी नारळाची दोन झाडे होती. शिवाय गाडीची नंबरप्लेट पांढरी होती. भाड्याने चालणाऱ्या वाहनाची प्लेट पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढरी प्लेट खासगी वाहनाची. जावयांनी परिवहन खात्याच्या एमपरिवहन अॅपवर तो क्रमांक घातला, तर तो एका दुचाकीचा निघाला. दोन मिनिटांचे काम होते. ते बुधवारी रात्री करायला हवे होते, शनिवारी सकाळी नव्हे.

साडेनऊच्या सुमारास मी सायबर फसवणुकीसाठीच्या 155260 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. हा क्रमांक पुढे बदलून 1930 झाला, तोच आता लक्षात ठेवावा. मग पोलीस ठाण्यात गेलो. दुसरा शनिवार असल्याने बँक बंद होती, तिथे सोमवारी गेलो. बँकेतल्या अधिकाऱ्याने सौजन्याने, पण स्पष्ट सांगितले की रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणामुळे केलेल्या व्यवहाराचे नुकसान, तो बँकेला कळवीपर्यंत त्याचेच असते. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. लवकर तक्रार केल्यामुळे शेवटच्या रकमेपैकी 3,200 रुपये पुढच्या एका खात्यात गोठवले गेले आणि ते मला कित्येक महिन्यांनी मिळाले. बाकीचे गेले ते गेले. व्यवहार क्रमांकांचे स्क्रीनशॉट आणि संभाषण मी रागाच्या भरात पुसून टाकले नाही, एवढे एकच शहाणपण माझ्याकडून घडले. पोलिसांनी पहिल्यांदा तेच मागितले.

शनिवारी दुपारनंतर आम्ही शहर पाहिलेच, आणि इथे मला सगळ्यात जास्त लाज वाटते. अंबाबाईचे मंदिर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भवानी मंडप मंदिराला लागून आहे. संप एसटीचा होता. केएमटी ही महापालिकेची परिवहन सेवा, तिचा एसटीशी संबंध नाही. न्यू पॅलेसला आणि तिथून रंकाळ्याला आम्ही दोन रिक्षा करून गेलो. दिवसाचा सगळा खर्च हजार रुपयांच्या आत बसला. शहर दाखवायला सतरा आसनी गाडीची गरज मुळात नव्हतीच. संपाच्या बातम्या ऐकून ऐकून 'काहीच चालू नाही' असे माझ्या मनाने ठरवून टाकले होते. रविवारी जोतिबाला जायला गंगावेशीत वडाप, म्हणजे माणसे भरून सुटणारी खासगी जीप, मिळाली. जीपमध्ये दाटीवाटीने बसावे लागले, परतीला तासभर थांबावे लागले, पण ड्रायव्हरने पैसे उतरताना घेतले.

संपात सगळेच लुटतात, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. आमच्या ओळखीच्या दुसऱ्या गाडीवाल्याने 14,000 सांगितले, ते जास्त होते. पण तो गाडी घेऊन आला असता. खासगी कंत्राटी बसने एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये, असा शासन निर्णय एप्रिल 2018 पासून आहे आणि तो मोडणाऱ्याविरुद्ध आरटीओकडे तक्रार करता येते. जास्त भाड्याला दाद मागायला समोर कोणीतरी असतो. माझ्या बाबतीत समोर कोणी नव्हतेच. एक आवाज होता, आणि त्याच्याकडे प्रत्येक वेळी संपाचेच कारण होते. घाई संपामुळे, परमिट संपामुळे, गाडी आली नाही ती संपामुळे.

सप्टेंबर 2024 मध्ये गणपतीच्या तोंडावर एसटीचा पुन्हा दोन दिवस संप झाला. त्या वेळी शेजाऱ्यांना कोकणात जायला गाडी हवी होती, म्हणून त्यांच्याबरोबर मोबाइलवर शोधत होतो. एका नोंदीत तोच फोटो दिसला: पांढरी गाडी, नारळाची दोन झाडे, न वाचता येणारी पाटी. व्यवसायाचे नाव आणि क्रमांक वेगळा. मी शेजाऱ्यांच्या फोनवरून क्रमांक लावला. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी होता, बोली तीच. पत्ता विचारल्यावर मी पेठेत अस्तित्वातच नसलेल्या एका तालमीचे नाव ठोकून दिले.

"म्हाईत हाय की मामा," तो म्हणाला. "तालमीच्या अलीकडं का पलीकडं?"