मिस्टिंग किट : सहा महिने वापरून सांगतेय

पुण्यात घरी काचेच्या टाकीत मिनिएचर ऑर्किड वाढवते मी, मुख्य म्हणजे लेपॅन्थेस कॅलोडिक्टिऑन. मूळची इक्वेडोर-कोलंबियाच्या अँडीजमधली, ढगात भिजणाऱ्या जंगलातली. फिकट हिरव्या पानावर तपकिरी शिरांची जाळी, आणि फूल एवढंसं की भिंग घेऊन बघावं लागतं. दांडी कापू नका हं, त्याच दांडीवर एकामागून एक फुलं येत राहतात.

तर हे ऑनलाइन घेतलेलं मिस्टिंग किट, म्हणजे टाकीत आपोआप पाण्याचा फवारा मारणारं, पंप, चार नोझल आणि टायमर. पंप मस्त, आवाज कमी, फवारा एकदम बारीक, सकाळी लाइट लागल्यावर पहिला फवारा आला की मॉसवर थेंब चमकतात ते बघत मी चहा घेते. पण टायमर अगदीच बेकार! कमीत कमी एक मिनिट, आणि मला हवेत १५ सेकंद, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात टाकीत चिखल झाला आणि एका रोपाची मुळं कुजली, खूप वाईट वाटलं. सेकंदावाला टायमर वेगळा घेतला तेव्हा कुठे जमलं.

बोअरचं पाणी अजिबात घालू नका, क्षार बसून नोझल तुंबतात आणि पानांवर पांढरे डाग पडतात. आरओचंच घाला. आणि आत छोटा फॅन हवाच, नुसता ओलावा कोंडला की बुरशी आलीच समजा. ढगांच्या जंगलात वारा सतत खेळता असतो ना.

पंपाला पाचपैकी साडेचार, टायमरला एक.