जुन्या मिनीचं पुढचं सस्पेन्शन: रबर कोन ठेवायचा की कॉइल टाकायची?

गाडी खाली केलीय, रुंद चाकं टाकलीत, इंजिनचंही काम झालंय आणि आता पुढून खटखट येते, खड्ड्यात कंबर मोडते, मग पहिला प्रश्न ठरलेला की मूळ रबर कोन काढून कॉइल स्प्रिंग टाकू का. टाका, पण आधी गाडी जॅकवर घ्या. चाक वरून आणि खालून धरून हलवा, प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा, प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बहुतेक बॉल जॉइंट. वरच्या आर्मची नीडल बेअरिंग ग्रीसविना कोरडी पडून शाफ्टवर चर पडलेत का तेही बघा. ब्रेक मारल्यावर धपकन आवाज येऊन गाडी एका बाजूला ओढत असेल तर टाय बारचे (खालच्या आर्मला पुढून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश बघा. ह्यातलं काहीही खराब असेल तर कॉइल टाकूनही खटखट तशीच राहणार, फक्त खर्च होऊन.

आता मुद्द्याचं. १९५९ च्या मिनीला, ह्या छोट्या ब्रिटिश गाडीला, इंजिनिअर अॅलेक्स मोल्टनने स्प्रिंगच्या जागी रबराचा कोन (शंकू) दिला तो उगाच नाही. गाडी एवढी हलकी की चार माणसं बसली की वजनात मोठा फरक पडतो, आणि रबर जितकं दाबाल तितकं जास्त कडक होत जातं, त्यामुळे रिकामी गाडी काय आणि भरलेली काय, सांभाळून घेतं. कॉइल बहुतेक वेळा वजनाच्या प्रमाणातच दबते, रबरासारखी कडक होत जात नाही. बारीक खडबडीत रस्त्यावर ती नक्कीच मऊ लागते, ह्यात वाद नाही, पण मोठा खड्डा आला की लवकर बंप स्टॉपवर (आर्मला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) जाऊन आपटते आणि खाली केलेल्या गाडीत ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली व्हायला जागा) मुळातच कमी उरलेला असतो. म्हणजे खूप खाली गाडी अधिक मऊ कॉइल ही जोडी मला तरी पटत नाही. इंजिन बदलून पुढे वजन वाढलं असेल तर त्या वजनाला साजेशी कडक कॉइल घ्यावी लागते आणि मग आरामाचा मुद्दाच संपला.

लोक तुलना कशाशी करतात, तर वर्षानुवर्षं दबून दगड झालेल्या कोनाची नव्याकोऱ्या कॉइलशी! नवीन कोन टाकून एकदा चालवून बघा, बऱ्याच जणांचा विचार तिथेच बदलतो. सोबत अॅडजस्टेबल ट्रंपेट (कोन आणि आर्मच्या मधला दांडा, लांबी बदलता येणारा) घ्या, कारण नवीन रबर वापरात थोडं बसतं आणि उंची परत सेट करावी लागते, नाहीतर ट्रंपेट कापत किंवा वॉशर घालत बसा, आणि तिथला एखाद मिलिमीटर चाकापाशी कितीतरी मोठा होतो. नकलची (ट्रंपेटच्या टोकाच्या गोल सांध्याची) नायलॉन कपही नवीन टाका. शॉकअप खाली केलेल्या उंचीला जुळणारेच हवेत, मूळ लांबीचे आतल्या आत आपटतात. (१९६४ नंतरची हायड्रोलास्टिकवाली, म्हणजे द्रवावर चालणाऱ्या सस्पेन्शनची गाडी असेल तर हे सगळं जसंच्या तसं लागू नाही, तिथे कोन नाहीतच.)

खालच्या आर्मचं काय? मूळ कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) साधारण २ अंश पॉझिटिव्ह, म्हणजे चाकाची वरची बाजू बाहेर; निगेटिव्ह म्हणजे आत. दीड अंश निगेटिव्ह देणारा फिक्स आर्म रस्त्यावरच्या गाडीला पुरतो, एकदा बसवला की विसरून जायचं. अॅडजस्टेबल आर्म तेव्हाच घ्या जेव्हा जुन्या धडकेमुळे दोन्ही बाजूंचं माप जुळत नाही किंवा गाडी ट्रॅकवर पळवायचीय, आणि तोही आतल्या टोकाला रबर बुशवाला, कारण उघडे रोज जॉइंट (रबर नसलेले धातूचे गोल सांधे) धूळपाण्यात लवकर झिजतात आणि परत खटखट सुरू. अॅडजस्टेबल टाय बार मात्र बिनधास्त घ्या, कॅस्टर (बाजूने बघता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) दोन्हीकडे सारखा होतो, मूळ ३ अंश. बार आखूड केला की कॅस्टर वाढतो, गाडी सरळ धावते पण स्टिअरिंग जड होतं. आणि स्पेसर लावून चाकं बाहेर काढली असतील तर स्टिअरिंगला बसणारे झटके ह्यातल्या कशानेच जाणार नाहीत, स्पेसर काढा.

सेटिंग करताना आधी उंची, मग कॅम्बर-कॅस्टर, टो शेवटी. मिनीला पुढे टो-आउट (चाकांची पुढची बाजू किंचित बाहेर, टो-इन म्हणजे आत) लागतो, सुमारे १.६ मिमी, हे अलाइनमेंटवाल्याला आधीच बजावून ठेवा, नाहीतर तो सवयीने टो-इन करून देईल.