हेळव्याची वही आणि आमची नातवंडं

कसबा बावड्यातल्या आमच्या घरी यंदा सुगीला हेळवी, म्हणजे घराण्याची वंशावळ वहीत लिवून ठेवणारा आणि म्हणून दाखवणारा माणूस आला, तेव्हा नेमकी नातवंडं सुट्टीला आलेली. पूर्वी हे लोक बैलावर बसून, घंटा वाजवत यायचे. हा मोटारसायकलवर आला. वही मात्र तीच, तांबड्या फडक्यात बांधलेली, कन्नड अक्षरातली.

सोप्यात घोंगडं टाकलं. मूळपुरुषापासून त्यानं नऊ पिढ्या एका दमात म्हटल्या. धाकटी नात मोबाईलवर रेकॉर्ड करत होती. माझ्या पणज्याचं नाव आलं तसा तिचा हात खाली आला. "आज्जा, हे तर आपल्या दादाचं नाव!" मग नाव फिरवून ठेवायची आमच्यातली रीत तिला सांगितली. १८७६ च्या दुष्काळात दोन भाऊ फुटले, एक कागलकडं गेला, तिथल्या चार घरांचं सुतक आजही आपल्याला लागतं, हे तर मलाही नवीन होतं.

एक गोष्ट खटकली. वहीत लेकी नाहीत. माझ्या तिन्ही आत्यांचा पत्ता नाही. नातीनं विचारलं, "मी कुठाय?" मी तिचं नाव लिवायला लावलं, त्यानं कुरकूर न करता लिवलं.

बिदागी तो ठरवून मागत नाही. आम्ही पोतंभर भात, धोतरजोडी आणि ११०० रुपये दिले, आणि ते कमीच वाटले. तुमच्या दारात आला तर घाईनं वाटेला लावू नका, जाणत्या माणसांना शेजारी बसवा. पुढच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन कागलला जाणार आहे.