शिडाच्या बोटीने गेटवे ते रेवदंडा, पैसे वसूल!

सकाळी वारा पडलेला, म्हणून मांडव्यापर्यंत इंजिनवरच गेलो, पण दुपारी पश्चिमेचा वारा सुटला तसं तांडेलने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, शीड उभारलं, इंजिन बंद, आणि मग नुसता पाण्याचा आवाज, काय सांगू! महाराजांनी 1679 मध्ये बांधायला घेतलेला खांदेरी किल्ला बाजूने बघताना अंगावर काटाच येतो. रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी गाळ आहे, त्यामुळे तांडेल भरतीची वाट बघत बाहेरच थांबला, घाई केली नाही, हे मला फार आवडलं. बोटीवरचं जेवण यथातथाच, त्यापेक्षा गावात उतरून खानावळीत तळलेला बांगडा खा. लाइफजॅकेट मात्र मागून घ्यावं लागलं, हे अजिबात चालणार नाही, चढतानाच द्यायला हवं. हिवाळ्यात जा, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो.