काळी पायमशीन की इलेक्ट्रिक?
कॅनव्हासच्या पिशवीला बंद जोडतो तिथे कापडाचे सहा-सात थर जमतात. आईची काळी पायमशीन १८ नंबरची सुई लावली की तिथूनही खटखट करत निघून जाते. अडलीच, तर हाताने चाक फिरवून एकेक टाका घालायचा. माझी इलेक्ट्रिक नेमकी तिथेच घुं करून थांबते, कधी सुईही मोडते. पण आतल्या शिवणीला झिगझॅग मारायचा, तर तीच हवी. काळीला सरळ टाक्यापलीकडे काही येत नाही. शिवाय जागा खाते, आणि पट्टा ढिला झाला की कापून पुन्हा तार अडकवत बसा! खणाच्या बटव्यांना मी इलेक्ट्रिक काढते. भाजीच्या पिशव्या मात्र काळीवरच, आणि वीज गेली तर बटवेसुद्धा.